ज्यांना द्यायचे, त्यांच्या हातचे

ख्रिस्ती माणसाचे औदार्य म्हटले की आपल्याला मिशनचा दवाखाना, बोर्डिंग आणि दुष्काळातले धान्य आठवते. नगर जिल्ह्यात तर ते आठवायलाच हवे. अमेरिकन मराठी मिशनचे काम 1831 मध्ये इथे सुरू झाले. 1899-1900 च्या दुष्काळात मिशनने अनाथ मुले सांभाळली, आणि त्या काळातल्या कामाबद्दल मिशनरी रॉबर्ट ह्यूम यांना सरकारने कैसर-ए-हिंद पदक दिले. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणाही मग गावोगाव फिरला. टोमणा अन्यायाचाच आहे. पोट भरण्यासाठी माणूस गावाचा रोष आणि बलुत्यावरची गदा ओढवून घेत नाही. तरीही त्यात एक गोष्ट खरी होती. देणारा वरच्या पायरीवर उभा होता आणि घेणारा खालच्या.

ही उतरंड मिशनने आणली नव्हती. आपल्याकडे द्यायला कधीच कुणाची ना नव्हती. भाकरी वरून टाकता येत होती, ओंजळीत उंचावरून पाणी ओतता येत होते. त्याने विटाळ होत नसे, उलट पुण्य लागे. अडत होते ते घेताना. ज्याला भाकरी दिली त्याच्या घरचे घोटभर पाणी पिणे, हे मात्र कोणत्याही दानशूराच्या हिशेबात बसत नव्हते. म्हणून महाराष्ट्रात ख्रिस्ती औदार्याची परीक्षा ‘किती दिले’ या प्रश्नावर घेणे मला अपुरे वाटते.

योहानाच्या शुभवर्तमानात येशू विहिरीवर बसतो आणि एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. जिवंत पाण्याच्या गोष्टी त्यानंतरच्या. यहुदी माणसाने शोमरोन्याचे भांडे ओठाला लावायचे नाही हे त्या बाईला ठाऊक आहे, म्हणून तीच चकित होते. देणारा आधी याचक होतो. हा प्रसंग नगर जिल्ह्यातल्या पाणवठ्यावर ठेवून पाहिला तर अंगावर येतो.

कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे राहायला आल्या, पण सोवळे आणि चूल वेगळी ठेवूनच. मग राहुरीला असताना त्यांच्या मनाने घेतले की जाती माणसांनी केल्या, देवाने नाहीत, आणि त्यांनी ठरवले की आता कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे. हे बाप्तिस्म्याआधीचे. त्यांचा बाप्तिस्मा 1900 मध्ये झाला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रातले पुष्कळ प्रसंग वाचक हसत हसत सांगतात, मला मात्र सगळ्या पुस्तकाचा कणा इथे दिसतो. पुढे या घरात परकी मुले वाढली, प्लेगच्या साथीत लक्ष्मीबाईंनी आजाऱ्यांची सेवा केली. त्या सेवेत उपकाराचा दर्प नाही, याचे कारण राहुरीत आहे. ज्यांची सेवा करायची त्यांच्या हातचे पाणी त्या आधीच प्यायल्या होत्या.

टिळकांचे औदार्य निराळ्या जातीचे. हातात येईल ते देऊन मोकळे व्हायचे आणि संसार लक्ष्मीबाईंनी रेटायचा. (संतांच्या बायकांची ही जुनीच तक्रार, तुकोबांच्या आवलीला विचारा.) पण 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला, त्यात मला नुसता वैराग्याचा झटका दिसत नाही. परदेशी पगारावर उभी असलेली मंडळी कायम घेणारीच राहील, हे त्यांना सलत होते. एतद्देशीय ख्रिस्ती माणसाने देणारा व्हावे, यासाठी आधी साहेबाचा पैसा नाकारणे भाग होते.

मंदिराच्या दानपेटीत गरीब विधवेने टाकलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे क्षुल्लक नाण्यांची, गोष्ट दानाच्या उपदेशात हमखास येते. तिला ती नाणी परत केली जात नाहीत, हे क्वचितच कुणी बोलून दाखवते. गरिबाचे दान ‘राहू दे, तुलाच लागेल’ म्हणून परत करणे हा दयाळू अपमान असतो.

हर्मन बाखर या स्विस जेझुइट धर्मगुरूंनी नगर जिल्ह्यात नेमके हेच ओळखले. दुष्काळात वाटप करून गाव उभे राहत नाही, हे पाहून ते पाणलोटाच्या कामाकडे वळले. 1990 च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम संगमनेरसारख्या तालुक्यांतल्या गावांत आला. पैसा जर्मनीचा होता, पण गावाला श्रमदान, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी मान्य करावी लागे. फुकट काही नाही. धर्मगुरूच्या तोंडी ही अट कठोर वाटेल. मला ती आदराची वाटते. माळरानावर समतल चर खणणारा शेतकरी लाभार्थी उरत नाही, भागीदार होतो.

इथे माझ्याच युक्तिवादाला एक खोच आहे. मार्काच्या शुभवर्तमानात विधवेच्या गोष्टीच्या अगदी आधी येशू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांवर कोरडे ओढतो. गरिबाकडून घेणे हा सन्मान कधी असतो आणि लूट कधी, हे दोन्ही उतारे एकत्र वाचल्याशिवाय कळत नाही. पाणलोटाच्या गावात चराईबंदी झाली की विहिरीचे पाणी वाढते ते जमीनवाल्याचे. शेळ्यांची कुरणे जातात ती भूमिहीनाची, आणि अनेकदा त्याच्या बायकोची, कारण शेळ्या तिच्या असतात. त्याग तिनेही केला, किंबहुना आधी तिनेच केला. वाढलेल्या पाण्यात, परतलेल्या गवतात तिचा वाटा किती, हे गावाच्या बैठकीत तिच्यासमोर ठरायला हवे.