गळती कुठे आहे?



दिल्लीच्या पहाडगंज भागात ‘रामकृष्ण आश्रम मार्ग’ नावाचे मेट्रो स्थानक आहे. दिल्लीत १९२७ साली सुरू झालेल्या रामकृष्ण मिशनच्या केंद्रावरून हे नाव आले. बाहेर बाजाराची गर्दी आणि स्टेशनकडे धावणारे प्रवासी. आत मात्र आरतीची वेळ. आपले मनही असेच आहे. गर्दीतूनच आत यायचे असते.

समजा, वस्त्या-वस्त्यांतून औषधे घेऊन जाणारी फिरत्या दवाखान्याची एक गाडी आहे. पावसाळ्यात औषधांच्या कपाटावर पाणी ठिबकू लागते. ओल दिसते तिथे आपण आतून लांबी भरतो. पुढच्या पावसात पाणी पुन्हा हजर!

जाणता मिस्त्री काय करतो? तो ओलीवर विश्वास ठेवत नाही. पाणी शिरते छताच्या पुढच्या सांध्यातून, सांगाड्याच्या पट्टीवरून वाहत जाते आणि ठिबकते मागे. म्हणून तो एकाला बॅटरी घेऊन आत बसवतो आणि बाहेरून खालपासून वरपर्यंत, एकेका भागावर पाणी सोडतो. छिद्र सापडले की जुनी, तडकलेली लांबी खरवडून काढतो, जागा पूर्ण सुकवतो आणि मगच नवी भरतो. ओल्या जागेवर काहीच धरत नाही.

भगवान श्रीरामकृष्ण एका शेतकऱ्याची गोष्ट सांगत. दिवसभर राबून त्याने शेताला पाणी दिले. संध्याकाळी पाहतो तो शेत कोरडेच! सारे पाणी उंदरांच्या बिळांतून वाहून गेले होते.

आता स्वतःला विचारा. मी इतकी वर्षे जप करतो, पोथी वाचतो. मग घरात शिरताच माझा आवाज का चढतो? राग मुलावर निघतो, पण तो शिरला कुठून? कदाचित सकाळी कार्यालयात दुखावलेल्या अहंकारातून. ओल मुलावर दिसते, छिद्र दुसरीकडे आहे. मुलाला गप्प करून गळती थांबत नाही.

म्हणून रोज रात्री दहा मिनिटे शांत बसा. दिवसाचा एकेक प्रसंग घ्या, सगळे एकदम नको. आपल्याला न दिसणारे छिद्र सत्संगातल्या सोबत्याला, कधी घरच्या माणसालाही दिसते, त्याचे ऐका. ‘माझा स्वभावच असा आहे’ ही जुनी लांबी आधी खरवडून काढा. ज्याला दुखावले त्याची क्षमा मागा. त्याने जागा सुकते. मग तिथे नाम भरा.

आणि एकदा बुजवले म्हणजे संपले, असे समजू नका. गाडी चालते, हादरे बसतात, सांधे पुन्हा सुटतात. निराश होऊ नका; पुन्हा तपासा. त्या कपाटातले औषध कोणा आजारी माणसासाठी आहे. तुमच्या अंतःकरणातले प्रेमही तसेच, कोणाची तरी वाट पाहत असलेले. ते भिजून वाया जाऊ देऊ नका.

श्रीठाकुरांच्या चरणी हीच प्रार्थना.