सुरकुतलेले पान



गेल्या वर्षी एप्रिलमध्ये आपल्या धर्मग्रामातील एक आजी कायमच्या मुलीकडे परदेशी गेल्या. निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ऑर्किडची एक कुंडी आमच्या हाती ठेवली. "फादर, हिला सांभाळा," एवढेच म्हणाल्या. रोप फॅलेनॉप्सिस जातीचे होते. जाड, रुंद पाने आणि वर जांभळ्या फुलांचा दांडा. आम्ही शब्द दिला, आणि शब्द मोडू नये म्हणून रोज सकाळची मिस्सा आटोपली की तिला तांब्याभर पाणी घालू लागलो.

जूनपर्यंत पाने मऊ पडून सुरकुतली. तहानलेले झाड असेच दिसते, हे वसईत कुणाला सांगायला नको. आम्ही पाणी वाढवले. सकाळी एक तांब्या, संध्याकाळी एक. वर खतही दिले. पाने आणखीच लोंबली.

चर्चसाठी सोनचाफा आणून देणारे एक वाडीवाले काका एके दिवशी ओट्यावर टेकले. त्यांनी आम्हांला काही न विचारता रोप कुंडीतून उपसले. मुळे तपकिरी आणि गिळगिळीत झाली होती; चिमटीत धरताच साल निघून हातात नुसता दोरा राहिला. काका म्हणाले, "फादर, ही तहानलेलीच आहे. पण पाणी कमी पडलं म्हणून नाही. पाणी प्यायला मूळच उरलं नाही."

त्या दिवसापासून एक प्रश्न आमच्या मनात घर करून आहे. भले करण्याची इच्छा शुद्ध असली, म्हणजे भले झाले का?

ऑर्किडच्या बाबतीत उत्तर सरळ आहे. घरी लावली जाणारी बहुतेक ऑर्किड रानात मातीत वाढत नाहीत, झाडांच्या सालीला धरून राहतात. आपल्या सह्याद्रीत आंब्याच्या खोडावर उमलणारी सीतेची वेणी त्यातलीच. तिला कुणी पाणी घालत नाही. या मुळांवर स्पंजासारखे आवरण असते. पावसात ते पाणी शोषते आणि लगेच वाऱ्यावर सुकते. मुळांना पाण्याइतकीच हवेची गरज असते. सुकलेले मूळ रुपेरी दिसते, भिजलेले हिरवे. म्हणजे पाणी कधी हवे हे रोप स्वतःच सांगत असते. आम्ही मात्र घड्याळ पाहून पाणी घालत होतो.

पानांची भाषा त्याहून फसवी असते. सर्वांत खालचे एखादे पान पिवळे होऊन गळाले तर ते केवळ म्हातारपण. पाने गडद हिरवी दिसतात, लोकांना ती निरोगी वाटतात. पण बहुधा उजेड कमी पडलेला असतो आणि अशा रोपाला फूल येत नाही. उन्हाकडच्या बाजूला कोरडा, पांढुरका डाग पडला तर पान भाजले आहे. डाग पाणचट असेल आणि पसरत असेल तर ती कुज. तेवढा भाग स्वच्छ पात्याने कापून रोप इतरांपासून दूर ठेवावे लागते. आणि सुरकुतलेले पान? ते उपेक्षेनेही होते आणि अतिकाळजीनेही. दोन्हींत पान सारखेच दिसते. फरक मुळाशी असतो, आणि मूळ पाहिल्याशिवाय तो कळत नाही.

ही चूक आमच्या एकट्याची नव्हे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील श्रीमंतांना ऑर्किडचे वेड लागले. उष्ण देशांतली रोपे म्हणून त्यांनी ती बंद, दमट, तापवलेल्या काचघरांत ठेवली. रोपे मोठ्या संख्येने मेली. त्यांतली कित्येक थंड, वाऱ्याच्या डोंगरांवरून आणलेली होती. चॅट्सवर्थच्या बागेचे प्रमुख जोसेफ पॅक्स्टन यांनी काचघरात हवा खेळती ठेवली आणि रोपाच्या मूळ ठिकाणाप्रमाणे तापमान राखले. त्याच बागेतून 1835 मध्ये जॉन गिब्सन नावाचा तरुण माळी भारताकडे निघाला आणि खासी टेकड्यांवरून ऑर्किड घेऊन गेला. जिथे ती उगवतात तिथली हवा त्याने स्वतः पाहिली होती. आधीच्या लोकांनी पैसा आणि मेहनत यांत काही कमी केले नव्हते. त्यांनी रोपाला 'उष्ण देशातले' एवढेच म्हटले आणि पुढे पाहिले नाही.

तत्त्वज्ञान शिकताना आम्ही ॲरिस्टॉटलचा एक मुद्दा पाठ केला होता. वैद्य 'मनुष्य' नावाच्या कल्पनेला बरे करत नाही, समोरच्या या एका माणसाला बरे करतो. परीक्षेत आम्ही तो नीट लिहिला. त्याचा अर्थ मात्र गेल्या पावसाळ्यात कळला, आणि तो केवळ कुंडीमुळे नाही.

त्याच सुमारास आपल्यातील एका गृहस्थांची पत्नी वारली. त्यांच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत. आम्ही जवळजवळ रोज त्यांच्या घरी जात असू. प्रार्थना घेतली, धीराचे शब्द सांगितले, शेजाऱ्यांना आळीपाळीने पाठवले, मन रमावे म्हणून एका समितीत नाव घातले. ते वाळत चालले, बोलेनासे झाले. आम्हांला वाटले, आपण कमी पडतो आहोत; मग आणखी माणसे पाठवली. एका संध्याकाळी घरात दिवा होता, पण दार उघडले नाही. खोटे कशाला सांगावे, आम्हांला राग आला. एवढे करूनही असे?

त्या रात्री ओट्यावरची कुंडी दिसली आणि आम्ही ओशाळलो. दुःखी माणूस एकटा असतो हे आम्हांला ठाऊक होते. या माणसाला काय हवे, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. आम्ही देत होतो आणि देणे मोजत होतो. त्यात त्यांची गरज किती आणि आपण कर्तव्यात चुकलो नाही हे समाधान किती, याचा हिशेब आजही आम्हांला नीट लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग काहीच करू नये का? तसे नाही. पाण्यावाचूनही रोप मरतेच. "तिला एकांत हवा असेल" म्हणून शेजारणीकडे न फिरकणारेही आपल्यात आहेत, आणि त्यांचे ते निमित्त असते. थोडे द्यावे की फार, हा प्रश्नच आधी घेऊ नये. आधी थांबून पाहावे, शक्य असेल तर विचारावे. हे पाणी घालण्यापेक्षा अवघड आहे, कारण पाहताना हात रिकामे असतात.

काकांनी सडलेली मुळे कापली. दोनच धड उरली. रोप सोडणाचे तुकडे आणि लोणारी कोळसा घालून पुन्हा बसवले, पूर्वेच्या खिडकीशी ठेवले. मुळे रुपेरी दिसली की सकाळी पाणी, तेही पानांच्या बेचक्यात साचू न देता. कित्येक आठवडे काहीच घडले नाही. थंडीच्या रात्री आल्या. फॅलेनॉप्सिसला फुलाचा दांडा काढायला असा गारवा लागतो. जानेवारीत पानाखालून एक हिरवे टोक निघाले. मूळ की दांडा, हे काही दिवस कळेना. मग ते चपटे झाले आणि उजेडाकडे वळले. दांडा होता. मार्चअखेरीस चार फुले उमलली. आजींना फोटो पाठवला. "पाणी जास्त नाही ना घालत?" त्यांनी विचारले.

त्या गृहस्थांकडे आम्ही आता पंधरवड्यातून एकदा जातो, तेही आधी फोन करून. चहा तेच करतात. बायकोविषयी कधी बोलतात, कधी अंगणाकडे पाहत बसतात. आम्हीही बसतो.

या आठवड्यात आपल्या घरातले, आळीतले एखादे सुरकुतलेले पान आपल्या नजरेस पडेल. तांब्या उचलण्याआधी क्षणभर थांबू या.

आपले धर्मगुरू