अडकित्ता कुणाचा?

शनिवारवाड्यात आपण फोटो काढतो, पण आत बघायला उरलंय काय? १८२८च्या आगीत महाल जळाले. राहिली ती तटबंदी, दरवाजे आणि जोती. जुन्या काळी घर कसं चालायचं हे पाहायचं तर शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जावं लागतं. लोणी काळभोरहून बसने स्वारगेट, पुढे चालत. मी तीन-चारदा गेलोय.

दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. समया, वजऱ्या, फणेरपेट्या, अडकित्ते, अशा वीस हजारांच्या आसपास. लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं आणि १९७५ साली संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला.

मी अडतो तो इथे. राजाचं नाव राहिलं, याचा आनंदच आहे. पण जिने ती वजरी रोज टाचेवर घासली, तिचं? पाटीवर वस्तूची माहिती असते, बाईची नसते. एका दालनात कोथरूडहून अवशेष आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महाल आहे. पेशव्यांच्या घराने मस्तानीला शेवटपर्यंत सून मानलं नाही, तरी तिचं नाव टिकलं. कारण ती बाजीरावाची होती. तिथे दिवा लावणारीचं टिकायला काहीच कारण नव्हतं.

केळकर नसते तर यातलं बरंचसं पितळ मोडीत जाऊन वितळलं असतं, हे मला पटतं. पण वस्तू वाचवली म्हणजे माणसाचं देणं फिटलं का? आपण नक्षीचं कौतुक करतो तेव्हा वापरणारीला पुसूनच करतो, असं मला वाटतं.

एकदा आजीला घेऊन गेलो होतो. मोराच्या आकाराच्या अडकित्त्यापुढे सगळे मोबाईल वर करून उभे. आजी काचेला नाक लावून म्हणाली, “धार गेली असंल याची.” त्या दालनात त्याला अडकित्ता म्हणून बघणारी बहुधा ती एकटीच.

घरी तिचाही एक आहे, लोखंडी, बिननक्षीचा. आई म्हणते भंगारात घाल, मामा म्हणतो संग्रहालयाला विचार. मी आधी चिठ्ठी लिहायला बसलो.

“आजी, हा कुणाचा?”

“माझ्या सासूच्या सासूचा.”

“नाव काय त्यांचं?”

आजी सुपारी कातरत राहिली. “आम्ही थोरल्या आत्याबाई म्हणायचो. मोठ्या माणसाचं नाव कोण घेतंय?”