प्रवाहाचे ऋण

अलास्काच्या अंतर्भागातील फेअरबँक्स शहरातून चीना नदीत उतरायचे, तिच्यातून टॅनना नदीत आणि पुढे युकॉनच्या विशाल पात्रात शिरायचे, गलीना या गावापर्यंत जायचे आणि त्याच वाटेने, आता प्रवाहाविरुद्ध, परत यायचे. सुमारे ८०० मैलांची, म्हणजे जवळजवळ १,३०० किलोमीटरांची ही यंत्रनौकांची शर्यत १९६० साली सुरू झाली. ‘युकॉन ८००’ हे तिचे नाव. जून महिन्यातील जवळजवळ अखंड उजेडात तिघातिघांची पथके २४ फूट लांबीच्या, सपाट तळाच्या अरुंद होड्यांतून हे अंतर दोन दिवसांत कापतात.

या धावण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न विचारी मनास पडल्यावाचून राहत नाही. जेथे इंधन दुर्मिळ आणि महाग, तेथे ते केवळ स्पर्धेसाठी जाळावे काय? निर्जन अरण्यातील शांततेवर यंत्राचा कर्कश आवाज लादण्याचा अधिकार माणसाला कोणी दिला? हा आक्षेप रास्त आहे. परंतु त्यातील ‘निर्जन’ हा शब्द तपासून घ्यावयास हवा.

नेनाना, टॅनना, रूबी, गलीना ही या जलमार्गावरील गावे. अथाबास्कन लोक या खोऱ्यात हजारो वर्षे राहत आले आहेत. यांतील बहुतेक गावांना बाहेरून येणारा पक्का रस्ता नाही. उन्हाळ्यात नदी हाच रस्ता आणि हिवाळ्यात तिचा बर्फही रस्ताच. शर्यतीची होडी ही मुळात याच रस्त्यावरचे वाहन होय. मासे आणावेत, शिकार आणावी, सामान वाहावे, आजारी माणसाला पलीकडच्या गावी न्यावे, यासाठी तिचा तळ उथळ पाण्याला साजेसा सपाट झाला. ज्या प्रदेशाला पाहुणा रिकामा म्हणतो, तो तेथील रहिवाशाचा शेजार असतो.

स्पर्धेचा नियमही याच जीवनाला अनुरूप आहे. इंजिनाची शक्ती ५० अश्वशक्तीपुरती बांधलेली असल्यामुळे अधिक धनवानाला अधिक वेग विकत घेता येत नाही. जिंकायचे ते नदी वाचता आल्याच्या बळावर. हिमनद्यांच्या गाळाने टॅननाचे पाणी इतके गढूळ असते की वीतभर खोलीखालचेही काही दिसत नाही. दर वसंतात बर्फ फुटते, वाळूचे बांध सरकतात, प्रवाहाच्या शाखा बदलतात; गतवर्षीचा नकाशा यंदा निरुपयोगी ठरतो. पृष्ठभागावरील एखाद्या सुरकुतीवरून, लाटेच्या रंगावरून खालचा उथळा ओळखावा लागतो. ही विद्या वेगाने शिकता येत नाही. ती जाळी टाकताना, सरपण ओढताना, वडिलांच्या शेजारी होडीत बसून संथपणे अंगी मुरते. दोन दिवसांच्या वेगामागे अनेक पिढ्यांची ही सावकाशी उभी असते.

येथेच या खेळाचा नैतिक पेच उघड होतो. खेळ हा श्रमाच्या ठेवीवरील व्याजावर जगतो; मुद्दलच आटले तर? युकॉनमधील चिनूक सॅमनची संख्या इतकी घटली की २०२४ साली अलास्का आणि कॅनडा यांनी त्याच्या मासेमारीला सात वर्षांची, म्हणजे त्या माशाच्या एका जीवनचक्राएवढी स्थगिती दिली. ही घट शर्यतीमुळे झाली नाही. सागराचे आणि नद्यांचे वाढते तापमान यांसारखी कारणे कितीतरी दूरवर पसरलेली आहेत. परंतु काठावरची मासे सुकवण्याची मांडवे ओस पडली, म्हणजे केवळ अन्न जात नाही. ज्या कामाच्या निमित्ताने मूल होडीत बसत असे आणि पाणी वाचावयास शिकत असे, ते निमित्तच जाते.

मग विद्या टिकवण्याचे ओझे एकट्या खेळावर येऊन पडते. खेळ काही काळ ते वाहू शकेल. कौशल्याला तो दाद देईल, तरुणांना नदीकडे ओढील. परंतु निर्वाहाची जागा त्याला घेता येणार नाही. म्हणून अशा शर्यतीचे समर्थन तिच्या वेगात शोधता येत नाही, आणि तिचा निषेधही केवळ तिच्या आवाजावरून करता येत नाही. ज्या नदीने माणसाला पाणी वाचावयास शिकवले, त्या नदीत मासा परत यावा यासाठी धावणारा काय सोडावयास तयार आहे, यावर तिची योग्यता ठरेल. ऋण मान्य करणारा खेळ हा उत्सव होतो. ते विसरणारा खेळ, कितीही शौर्याचा असला तरी, उधळपट्टीच राहतो.