आकड्यातला देश आणि राहता देश

अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवताना दरडोई उत्पन्नाच्या धड्यात एक इशारा ठरलेला असे: ही सरासरी आहे, तिच्यात विषमता दिसत नाही. मुलं हे वाक्य परीक्षेत इमानेइतबारे लिहीत. पण ज्या उत्पन्नाची सरासरी काढायची ते मुळात त्या देशातल्या लोकांचं नसूही शकतं, ही गोष्ट पाठ्यपुस्तकात नव्हती. तिचं धडधडीत उदाहरण म्हणजे आयर्लंड.

माझी भाची डब्लिनला नोकरी करते. निवृत्तीनंतर तिच्याकडे निवांत राहून आले. कागदावर हा देश कमालीचा श्रीमंत. माणशी देशांतर्गत उत्पादन युरोपीय संघाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. प्रत्यक्षात भाचीच्या ऑफिसातली तिशीतली आयरिश मुलंमुली आईवडिलांच्याच घरी राहतात, कारण वेगळं राहायचं तर पगाराचा मोठा वाटा भाड्यात जातो. एखाद्या खोलीची जाहिरात लागली की बघायला रांग. मी आकडे काढून बसले की भाची हसायची. "मावशी, ते उत्पन्न आमच्या हातात येतच नाही. कंपन्यांच्या हिशोबात येतं."

तिचं म्हणणं शब्दशः खरं आहे. 2015 साली आयर्लंडचं देशांतर्गत उत्पादन एका वर्षात सुमारे 26 टक्क्यांनी वाढल्याचं जाहीर झालं. एवढी वाढ व्हायला देशभर कारखाने उभे राहायला हवेत. तसं काही झालं नव्हतं. कंपन्यांवरचा कर तेव्हा तिथे 12.5 टक्के होता, म्हणून काही बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली बौद्धिक संपदा तिथल्या उपकंपन्यांच्या नावावर केली आणि तिच्यावरची जगभरची कमाई आयर्लंडच्या खात्यात दिसू लागली. अर्थशास्त्रज्ञ पॉल क्रुगमन यांनी याची 'लेप्रिकॉन अर्थशास्त्र' अशी खिल्ली उडवली. लेप्रिकॉन म्हणजे आयरिश लोककथांतला, सोन्याचा हंडा लपवून ठेवणारा बुटका. या नफ्यावरचा कर मात्र खराखुरा जमा होतो आणि सरकारी तिजोरी त्यानं चांगली भरते, हेही सांगायला हवं.

मला कौतुक वाटलं ते तिथल्या सांख्यिकी कार्यालयाचं. फुगलेला आकडा मिरवण्याऐवजी 2017 पासून ते सुधारित राष्ट्रीय उत्पन्न वेगळं काढून देतात. त्यातून कंपन्यांचा हा फुगवटा बराचसा वजा केलेला असतो. 2021 मध्ये देशांतर्गत उत्पादन सुमारे 426 अब्ज युरो होतं, सुधारित उत्पन्न सुमारे 234 अब्ज. आपल्याच देशाची श्रीमंती जवळजवळ निम्म्यावर आणून दाखवणारं सरकारी खातं मी तरी दुसरं पाहिलेलं नाही.

पैशाच्या आकड्याला पर्याय म्हणून 1990 मध्ये मानव विकास निर्देशांक आला. महबूब उल हक त्याचे कर्ते. अमर्त्य सेन सुरुवातीला नाखूश होते; माणसाचं जगणं एका आकड्यात कसं कोंबायचं, ही त्यांची शंका. हक यांचा युक्तिवाद असा, की राष्ट्रीय उत्पन्नाइतकाच ढोबळ, पण माणसाच्या जगण्याकडे डोळेझाक न करणारा एखादा आकडा दिल्याशिवाय राज्यकर्ते ऐकणार नाहीत. व्यवहारात हक बरोबर ठरले. मात्र या निर्देशांकातही आयुर्मान आणि शिक्षणाच्या जोडीला उत्पन्न आहेच. 2020 च्या अहवालात आयर्लंड जगात दुसऱ्या क्रमांकावर होता. तिथलं आयुर्मान आणि शाळा खरोखरच उत्तम आहेत, आणि उत्पन्न वाढेल तसं त्याचं वजन कमी होत जाईल अशी सोयही निर्देशांकात आहे. तरी त्या क्रमांकाला कंपन्यांच्या हिशोबाचा थोडाफार हात लागलाच असणार.

म्हणून देशांची तुलना करताना मी आता पैशात मोजलेल्या आकड्यांपेक्षा माणसांत मोजलेल्या आकड्यांवर जास्त विसंबते. पेटंट एका देशातून दुसऱ्या देशाच्या नावावर करता येतं. वर्षाच्या आत दगावलेलं बाळ करता येत नाही. 2020 मध्ये अमेरिकेत हजार जन्मांमागे पाचाहून थोडी जास्त बाळं दगावली, केरळात 6. दोन्हीकडच्या माणशी उत्पन्नात अनेक पटींचं अंतर असताना! डब्लिनच्या रुग्णालयांत मल्याळी परिचारिका जागोजागी भेटतात, त्या याच केरळातून आलेल्या. त्याच वर्षी भारताचा आकडा 28 होता आणि महाराष्ट्राचा 16. देशातली सर्वांत मोठी अर्थव्यवस्था आमची, हे भाषणांतून सतत ऐकू येतं. हा 16 फारसा ऐकू येत नाही.

अर्थात माणसं मोजण्यातही पळवाटा आहेत. आपल्याकडे प्रत्येक मृत्यूची नोंद होतेच असं नाही, म्हणून बालमृत्यूचा दर नमुना नोंदणी पद्धतीनं, निवडक गावं आणि वस्त्यांवरून काढतात. ही माहिती गोळा करणारे गणक काम चोख करतात. पण नमुना कितीही नेटका असला तरी त्याला आधार जनगणनेचा लागतो, आणि त्याच 2020 च्या आकड्यांखाली 2011 ची जनगणना होती. कोविडमुळे आयर्लंडनंही 2021 ची जनगणना पुढे ढकलली, ती एका वर्षानं. एप्रिल 2022 मध्ये त्यांनी ती पार पाडली. आपल्या 2021 च्या जनगणनेसाठी जाहीर झालेली संदर्भ तारीख आहे 1 मार्च 2027.