तीन मिलिमीटरची नीती

खरेदीला निघालेल्या माणसाचा चेहरा कधी बघितलाय तुम्ही? मंडईत हापूसच्या पेटीपुढे उभा राहिलेला गृहस्थ आंब्याकडे असा बघतो, की आंबा ही वस्तू त्याला जन्मापासून नावडती आहे आणि केवळ आंबेवाल्याची दया येऊन तो थांबला आहे. साडीच्या दुकानात जी साडी मनात भरते ती बायका सगळ्यात आधी बाजूला सारतात आणि दोन तासांनी, "त्यातल्या त्यात हीच बरी वाटतेय, नाही?" असं म्हणून तिच्याकडे वळतात. हे नाटक आपल्याला कुणी शिकवत नाही. याला आपण खोटेपणाही म्हणत नाही, व्यवहार म्हणतो. पण या नाटकाचा व्यवहार कितव्या अंकात संपतो आणि खोटेपणा कुठून सुरू होतो, हा प्रश्न मला वयाच्या बासष्टाव्या वर्षी पडला, आणि तोही लॅमिंग्टन रोडवर, जेमतेम तीन मिलिमीटर उंचीच्या आकड्यांपायी.

निवृत्त माणसानं छंद लावून घ्यावा असं सगळे सांगतात. मी काडेपेटीत मावेल असं घड्याळ करायला घेतलं. घरात पाच घड्याळं चालू आहेत, हा मुद्दा आमच्या हिनं पहिल्याच दिवशी मांडला. मी तो ऐकून घेतला. बँकेत छत्तीस वर्षं काढल्यावर माणसाला ऐकून घेता येतं.

घड्याळाला आकडे हवेत. आता, लहान आकडे मिळत नाहीत असं नाही. जेमतेम इंचभराचा, १२८ आडव्या आणि ६४ उभ्या ठिपक्यांचा पडदा हल्ली घरबसल्या येतो. त्यावर आकडेच काय, पंचांगसुद्धा उमटवता येईल. पण मला हवे होते जुन्या कॅलक्युलेटरमधले लालभडक आकडे. १९७२ साली ह्यूलेट-पॅकार्डनं एचपी-३५ नावाचा खिशात मावणारा कॅलक्युलेटर ३९५ डॉलरला बाजारात आणला, त्यात होते तसे. प्रत्येक आकडा सात दांड्यांचा. आठ लिहायचा तर सातही पेटतात, एक दोनांतच भागतो. हा लाल उजेड ज्या पदार्थातून निघतो, तो गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइड तेव्हा भारी महाग. म्हणून मग आकडा मुंगीएवढा करायचा आणि वर प्लॅस्टिकचं फुगीर भिंग बसवून तो वाचण्याजोगा दाखवायचा! असलेलं थोडं, पण दिसायला मोठं. मध्यमवर्गीय माणसाला या आकड्यांविषयी आपलेपणा वाटला नाही तरच नवल.

त्याच साली हॅमिल्टन कंपनीचं 'पल्सर' नावाचं मनगटी घड्याळ आलं. तेही लाल आकड्यांचं. अंगावर सोनं, किंमत २१०० डॉलर, आणि वेळ बघायची तर बटण दाबायचं, कारण आकडे सतत पेटते ठेवले तर बॅटरी तग धरत नसे. म्हणजे दुसऱ्या हातात भाजीची पिशवी असली, की एकवीसशे डॉलरच्या घड्याळाचा मालक रस्त्यावरच्या माणसाला "किती वाजले हो?" म्हणून विचारणार! पुढे फारच थोडी वीज खाणारे एलसीडी आकडे आले आणि या लाल मंडळींचे दिवस भरले. आता ती जुन्या मालाच्या डब्यांत पडून असतात आणि जगभरचे माझ्यासारखे रिकामटेकडे त्यांच्यामागे हिंडतात. मागणी आहे, माल नवा होत नाही; तेव्हा किंमत काय होणार ते सांगायला अर्थशास्त्री नको.

तर मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोड पालथा घालायला सुरुवात केली. सहा दुकानांत नकार मिळाला. एकानं तर माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं, की मी त्याच्याकडे शिवकालीन होनच मागितले असावेत. सातव्या दुकानात एक वयस्कर शेठ होते. त्यांनी माळ्यावरून बिस्किटांचा गंजका डबा काढला, फुंकर मारली आणि माझ्यापुढे सरकवला. आत दहा-बारा पट्ट्या. एकेका पट्टीवर चार आकडे, चार इवलीशी भिंगं.

"बीस रुपया पीस," शेठ म्हणाले.

परदेशातले हौशी लोक याला किती मोजतात ते मला ठाऊक होतं. कितीतरी पट. माझा चेहरा आपोआप आंब्यापुढच्या गृहस्थासारखा झाला. मनात मात्र वकील उभे राहिले. पहिला म्हणाला, मालाची किंमत माहीत असणं हा दुकानदाराचा धंदा, गिऱ्हाइकाचा नव्हे. दुसरा म्हणाला, तू दहा रात्री जागून ही माहिती मिळवलीस, तिची मजुरी नको का? तिसरा सगळ्यांत कडवा. तो म्हणाला, "साहेब, हाच पंखा पुढच्या गल्लीत दीडशेनं स्वस्त आहे," असं आजवर कुठल्या दुकानदारानं तुला सांगितलंय? जन्मभर दुकानदाराला जास्त माहीत होतं. आज एकदा तुला आहे. घे सगळ्या आणि चालू लाग.

वकिली बिनतोड होती. फक्त एक अडचण होती. इतके बिनतोड वकील निर्दोष माणसाला सहसा लागत नाहीत.

तेवढ्यात शेठनी सहज विचारलं, "ये पुराना माल का तुम करते क्या हो?"

संपलं! इतका वेळ मी नुसता गप्प होतो. आता गप्प राहायचं तर खोटं बोलावं लागणार होतं. मी सांगून टाकलं. घड्याळाचं सांगितलं, परदेशातल्या किमतीचंही सांगितलं. शेठ माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश डब्याचं झाकण लावलं. "ऐसा बोलनेवाला कस्टमर पहली बार देखा," ते म्हणाले. "आज नहीं देगा. भतीजे को पूछेगा." प्रामाणिकपणाइतकी संशयास्पद गोष्ट बाजारात दुसरी नाही.

घरी येऊन मी सिसेरो काढला. सिसेरोनं इ.स.पूर्व ४४ साली कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला, अथेन्सला शिकणाऱ्या आपल्या मुलासाठी. त्यात हाच प्रश्न आहे. ऱ्होड्स बेटावर दुष्काळ. एक व्यापारी अलेक्झांड्रियाहून धान्याचं जहाज घेऊन पोचतो. मागून आणखी जहाजं येताहेत हे त्यानं वाटेत पाहिलंय. ते लोकांना सांगावं, की गप्प बसून चढ्या भावानं विकावं? बॅबिलोनचा डायोजिनीस (भरदिवसा कंदील घेऊन हिंडणारा तो वेगळा) म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. त्याचाच शिष्य अँटिपॅटर म्हणतो, सांगितलंच पाहिजे. सिसेरो शिष्याच्या बाजूनं कौल देतो. पुढे तो स्काएव्होला नावाच्या रोमनाची गोष्ट सांगतो. यानं एका जमिनीची किंमत विचारली, मालकानं सांगितली. "छे, माझ्या मते जास्त आहे," असं म्हणून या गृहस्थानं आपण होऊन लाखभर नाणी वर दिली! त्यावर लोकांचं मत काय? तर माणूस चांगला खरा, पण शहाणा म्हणवत नाही.

आठवड्यानं मी पुन्हा गेलो. पुतण्यानं चौकशी केली होती. शेठ म्हणाले दोनशे, मी म्हणालो शंभर. मग अर्धा तास आम्ही अशी घासाघीस केली, की मधे दोनदा चहा आला. एकशेचाळीसला एक पट्टी ठरली. आणि गंमत सांगतो, आयुष्यात कुठल्या घासाघिशीत इतकं मोकळं वाटलं नव्हतं. दोघांनाही सगळं ठाऊक, चेहरा लपवायचं कारण नाही. मी नाक मुरडलं, ते शेठना नाटक म्हणून कळत होतं. ते डबा उचलून ठेवू लागले, ते मला कळत होतं. दोघांचे पत्ते उघडे असले की नाटकाला खोटेपणाचा विटाळ होत नाही.

"म्हणजे वीसची वस्तू एकशेचाळीसला आणलीत," ही म्हणाली, "वर रेल्वेचं भाडं दोनदा." सिसेरो न वाचता तिनं नेमका रोमन निकाल दिला.

घड्याळ आता चालू आहे. बटण दाबलं की चार लाल आकडे भिंगातून वेळ सांगतात. पण एक गोष्ट मला टोचते. मी खरं बोललो ते शेठनी विचारलं म्हणून. विचारल्यावर खरं सांगणं ही शाळेतली नीती झाली. स्काएव्होलाला कुणी विचारलं नव्हतं.

मला आणखी एक घड्याळ करायचंय, नातवासाठी. मागच्याच गल्लीत दुसऱ्या एका दुकानात अशाच पट्ट्या आहेत म्हणतात. तिथला मालक फार अबोल आहे, गिऱ्हाइकाला काही म्हणजे काही विचारत नाही, असं ऐकतो. येत्या शनिवारी जाणार आहे. परीक्षा खरी तिथे आहे.