माझ्या हातची भाकर कोण खाईल?

आमच्या युसूफ वडगावात दसरा-दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या, की काही गल्ल्यांचा वृद्धाश्रम होतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. असे कोयते पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात फडावर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मागे उरतात म्हातारी माणसं आणि शाळेची लेकरं. मी कोयता नाही, लॅपटॉप घेऊन पुण्याला गेलो. फरक एवढाच, की मी उन्हाळ्यातही परतत नाही.

शेजारच्या मावशीचा मुलगा-सून फडावर असले, की ती रात्री आमच्या आजीकडे झोपायला येते. मावशीला नीट दिसत नाही, आजी तिच्या डोळ्यांत थेंब टाकते. आजीचे गुडघे गेलेत, मावशी पाणी भरते. आजी दोघींच्या भाकरी थापते. मिश्रीवरून रोज भांडतात.

गेल्या वर्षी आजी घसरून पडली. मी घाबरून पुण्याजवळचे वृद्धाश्रम शोधले, नर्स, डॉक्टर, कॅमेरे, खर्च असा तक्ताच बनवला. आजीने सगळं ऐकलं आणि विचारलं, "समदं हाय तिथं. पर माझ्या हातची भाकर कोण खाईल?"

माझ्या तक्त्यात तो रकाना नव्हता.

ज्येष्ठांसाठी २००७ साली केलेल्या केंद्रीय कायद्यात मुलांकडून महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च मिळण्याची सोय आहे. जिल्ह्यात किमान १५० गरजू वृद्धांसाठी आश्रमाचीही तरतूद आहे. हे हवंच. उपाशी माणसाला मैत्रीवर प्रवचन देऊ नये. पण कायद्याला म्हातारा माणूस फक्त घेणारा दिसतो. मलाही तसाच दिसत होता.

पतंजलींच्या योगसूत्रांत मैत्री आणि करुणा हे दोन वेगळे शब्द आहेत. मैत्री सुखी माणसाशी, करुणा दुःखी माणसाबद्दल. म्हणजे आजीकडे मी फक्त दुखणं म्हणूनच पाहिलं, तर माझ्याकडून तिला करुणाच मिळणार, मैत्री नाही. आपण वाढदिवसाला वृद्धाश्रमात जातो, फळं वाटतो, फोटो काढतो. त्यात वाईट काही नाही. पण तिथल्या कुणाला आपण आपलं काही सांगतो का? सल्ला मागतो का? ज्याच्याकडून काहीच घ्यायचं नाही असं आपण ठरवून टाकलंय, त्याचे आपण मित्र कसे?

या जानेवारीत गावी गेलो, तेव्हा कंपनीत माणसं कमी करणं चालू होतं. घरी कुणालाच बोललो नव्हतो. रात्री चुलीपाशी आजीला सांगितलं. ती गप्प बसली, मग ताटात आणखी एक भाकरी टाकली. मावशी म्हणाली, "नोकरी गेली तर ये की आमच्या टोळीत. पर कोयत्याला जोडी लागती, आधी लगीन कर."

तिघंही खूप हसलो.

दर रविवारी मी फोन करतो आणि विचारतो, गोळ्या घेतल्या का. त्या रविवारी फोन आजीनेच केला. "नोकरीचं काय झालं रं?"